राखलेला करंट

“दुपारी दोन वाजले की हा मिक्सर लावूच देत नाही,” कुरुंदवाडे काका भिंतीवरच्या इन्व्हर्टरकडे रागानं बघत म्हणाले. “तिसऱ्यांदा तक्रार केली. दात नसलेल्या माणसानं भाकरी गिळायची कशी?”

शमीमनं हत्यारांची पिशवी खाली ठेवली. सकाळपासूनचं हे तिचं सातवं घर होतं, आणि जिने चढून गुडघे भरून आले होते. बाहेरून येणारी वीज बंद झाल्यापासून प्रत्येक घर आपल्या छपरावरच्या उन्हावर चालायचं. कधी किती करंट लागेल याचा अंदाज इन्व्हर्टर घराच्या सवयींवरून आधीच बांधायचा आणि आजाऱ्याचा वाटा राखून मगच बाकीच्यांना द्यायचा.

“काकूंच्या ऑक्सिजन मशीनसाठी राखतोय तो,” झाकण काढून आतली स्क्रीन बघत ती म्हणाली.

“अहो बाई, ती जाऊन चार महिने झाले! पुसून टाका ती सवय.”

पुसण्याआधी शमीमनं नेहमीप्रमाणे जुन्या नोंदी उघडल्या आणि तिचा हात थांबला.

“काका, मशीन कालही चाललंय. परवाही. रोज अडीच ते चार.”

काका पलंगावर बसले. उशाशी मशीनची नळी नीट गुंडाळून ठेवलेली होती.

“जेवून आडवा झालो की लावतो,” ते हळूच म्हणाले. “तीन वर्षं त्या घरघरीत झोपलो. आता तिच्याशिवाय डोळा लागत नाही.”

शमीमनं इन्व्हर्टरचं झाकण परत बसवलं.

“बिघाड काही नाही, काका. तुम्ही फक्त दोनच्या आत जेवत जा.”