अध्यक्षांची खुर्ची

आजाऱ्यांना फुकट व्हीलचेअर देणारी संस्था काकांनी निवृत्तीचे सगळे पैसे ओतून उभी केली होती. अर्धांगवायूनं त्यांचंच चालणं बंद झालं, तेव्हा काकू संस्थेच्या कार्यालयात एक व्हीलचेअर मागायला गेल्या. "विश्वस्तांना संस्थेकडून काही घेता येत नाही, काकू," सचिव म्हणाला. "ते कलम काकांनीच घातलंय." "मग त्यांचा राजीनामा घ्या." "ऐन वाटपाच्या कार्यक्रमाच्या तोंडावर? अध्यक्षांशिवाय शोभा नाही हो." घरी काका वाकड्या झालेल्या तोंडानं म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." काकूंना त्या प्रामाणिकपणाचा प्रथमच राग आला. कार्यक्रमात चौघांनी अध्यक्षांना घरच्या लाकडी खुर्चीसकट उचलून मंचावर ठेवलं. शेजारी नव्या व्हीलचेअरमध्ये पाय मोडलेले एक गृहस्थ ऐटीत बसले होते. फोटोग्राफर वैतागला. "काका, तुम्ही जरा उभे राहा बरं. दोघांत देणारा कोण आणि घेणारा कोण, फोटोत कळत नाहीये."