नवी तिरंदाज

रविवारी सकाळी गौरेश मोबाइलवरच्या त्याच्या लाडक्या खेळात आलेली नवी पात्रं पारखत बसला होता. कोणतं पात्र घ्यावं, कोणतं सोडावं, हे तो त्याचे व्हिडिओ बघणाऱ्यांना सांगतो. राक्षस मारणाऱ्या योद्ध्याला त्याने दहापैकी पाच दिले. "नुसती ताकद, डोकं ना!" मग एक तिरंदाज मुलगी आली आणि तो सरसावून बसला.

"ही बोलत नाही, मोनी आहे. पण म्हणून हिला सोडू नका हां! ही हाताने खुणा करते. धीर धरून त्या ओळखल्यात, तर हिच्यासारखी साथ दुसरं कोण देणार नाही. दहापैकी दहा."

किती मायेने बोलत होता! मी दारात उभी राहून ऐकत होते. आमची तनया साडेतीन वर्षांची झाली, अजून एक शब्द बोललेली नाही. डॉक्टरांनी आम्हां दोघांना बोलावलंय, तर हा म्हणतो, "बोलतली गो, घाई कित्याक?"

"ये गो मोनी, ये!" पडद्याकडे बघत त्याने हाक मारली.

तनया हातातला उंडा पाव चहात टाकून धावत गेली आणि त्याच्या गुडघ्याला बिलगली. तो घरी नसताना सासूबाई आणि शेजारणी तिला ह्याच नावाने हाक मारतात.

"हिका जरा धर गो," मान वर न करता तो म्हणाला, "माजी मोनी मरतली."