सोडणं आणि सोडायला लावणं

आहुप्याचा चढ चढताना तेजस्विनीबाईंना धाप लागली, पण राग काही उतरला नाही. सकाळी हेडमास्तर सहज बोलून गेले होते, "नववीतली जया आता येणार नाही. क्विट केलं तिनं. डोंगरातल्या पोरींचं असंच असतं."

तो शब्द बाईंच्या डोक्यात गेला. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनीच फळ्यावर दोन क्रियापदं लिहिली होती, पार्टिसिपेट आणि क्विट. एक म्हणजे भाग घेणं, दुसरं म्हणजे सोडून देणं. तेव्हा जया उठून म्हणाली होती, "बाई, कुणी सोडायला लावलं, तर त्ये बी क्विटच का?"

"नाही. क्विट आपल्या मर्जीनं करतात. पार्टिसिपेटसुद्धा."

खळ्यात जयाचा बाप सावळेराम भात झोडत होता. बाईंना पाहून तो हातातली पेंढी टाकून पुढं आला. बायडाबाई, जयाची आई, दारातूनच म्हणाली, "पोरीची काय चूक झाली का, बाई?"

"तिची कसली चूक? चूक तुमची." बाई बसल्यासुद्धा नाहीत. "लग्न ठरवलंत ना तिचं?"

"न्हाई बाई. एवढ्यात कुठलं लगीन."

"मग आहे कुठं ती?"

"पुण्याला. घरकामाला धाडली. घर चांगलं हाय."

"चांगलं?" बाईंचा आवाज चढला. "वर्गात पहिली येणारी पोर लोकांची भांडी घासते आणि म्हणे घर चांगलं. तिनं शाळा सोडली नाही, सावळेरामभाऊ. तिला सोडायला लावली. तिला एका शब्दानं विचारलंत तरी?"

"इचारलं. म्हनाली, मोठी मान्सं म्हनत्यात तर जाते."

"कोण मोठी माणसं? नाव सांगा. आजच्या आज पोलिसांत जाते."

नवराबायकोनं एकमेकांकडं पाहिलं. बायडाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"घाबरू नका," बाई जरा मऊ झाल्या. "कितीही मोठा असू दे, मी आहे तुमच्यामागं."

सावळेराम खाली बघत म्हणाला, "आमी न्हाईच म्हनत व्हतो. पोरगी बी रडत व्हती. पर तुमचं घरधनीच जीप घिऊन आलं. म्हनलं, माझ्या बहिणीच्या घरी कामाला पोर पायजे, अन् जयाचं नाव बाईंनीच सुचवलंय. तुमचं नाव ऐकलं, तवाच ती उठली."