देवाचं सुतक

टाकसाळीतून आलेलं पहिलं नाणं नव्या रोमन सम्राटाने बहिणीच्या तळहातावर ठेवलं. त्यावर त्यांचे बाबा गरुडावर बसून स्वर्गात निघाले होते.

"बाबांचं नाक इतकं सरळ कधी होतं?" तिने विचारलं.

"देवाचं नाक सरळच असतं, ताई. बाबा देव झाले, म्हणजे मी देवाचा मुलगा. आता बंड करायची कोणत्या सेनापतीची छाती होईल?" तिच्या काळ्या वस्त्राकडे बघून तो म्हणाला, "हेही आजच बदल. देवाचं सुतक पाळत नाहीत."

मरताना बाबा पाणी मागत होते. पेला तिनेच ओठांना लावला होता.

"नाणी उद्या बाजारात जातील ना?" ती म्हणाली. "मग आजचा दिवस मला बाबांसाठी रडू दे."

सम्राटाने दार आतून लावलं आणि तो तिच्याजवळ जमिनीवर बसला.