ओरेस्तेचा आवाज

माझा भाऊ ओरेस्ते जुन्या रोमच्या पिक्चरमधला पहिलवान होता. शूटिंगलाच रथाखाली येऊन गेला. त्याचा शेवटचा पिक्चर आमच्या क्वाद्रारो वस्तीतल्या थेटरात लागला, तेव्हा आंधळी आई हटूनच बसली. "मला नुसता त्याचा आवाज ऐकव, बाकी काही नको."

पडद्यावर त्याने आखाड्याचं फाटक उखडलं, ख्रिश्चनांना पाठीशी घातलं आणि सिंहापुढे गरजला. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, सिंहालाच घाम फुटला बघ!" सगळे हसले. मी मात्र चडफडले. इथे पहिलवानांच्या तोंडी नंतर दुसऱ्याच नटाचा आवाज भरतात, तसाच त्याच्याही भरला होता.

टाळ्या थांबल्या. मग आईने माझा हात दाबला.



"आपला ओरेस्ते पडद्यावर कधी येतो गं?"