प्रीतीचं नेटबुक

"दोन रस्ते विचारून राह्यलं हे," नागेश पडद्यावर बोट ठेवून म्हणाला. "जुनं तसंच ठेवून बाजूले नवं टाकू, का सारं पुसून टाकू?"

"बाजूले टाक," सुनयना म्हणाली.

"पुसून टाक," तिचे वडील वामनराव म्हणाले.

नागेशनं दोघांकडं पाहिलं. आदिलाबादच्या बसस्टँडमागं त्याचं दुरुस्तीचं दुकान. समोर ते इवलंसं नेटबुक, बिजागरी ढिली, कडेनं टेप लावलेला. त्यातली विंडोज उघडेस्तोवर चहा पिऊन व्हायचा, आणि उघडली की तिथंच अडकायची. म्हणून त्यानंच लिनक्स सुचवलं होतं. हलकं असते, फुकट असते, म्हाताऱ्या मशीनलाही पळवते म्हणे.

नेटबुक प्रीतीचं. सुनयनाची मोठी बहीण. दहावीत शाळेत पहिली आली म्हणून बक्षीस मिळालेलं. हार पडला, टाळ्या पडल्या आणि पुढची पुस्तकं यायच्या आत लग्नाचा मांडव पडला. वामनरावांपुढं बोलायची कोणाची छाती? गेल्या वर्षी प्रीती बाळंतपणात गेली. लेकरू तेवढं वाचलं. म्हणायला ते आजीच्या घरी होतं, पण वाढत होतं सुनयनाच्याच कडेवर.

त्याच वामनरावांनी या खेपेला नवल केलं होतं. सुनयनाला हैदराबादच्या कॉलेजात जागा मिळाली, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि बाप 'नाही' म्हणाला नव्हता. उलट स्वतःच माळ्यावरून नेटबुक काढून, धूळ झटकून, पोरीला गाडीवर मागं बसवून घेऊन आला होता. सुनयनाचा जीव काही अजून भांड्यात पडला नव्हता. जास्त बोललं तर बाप फिरायचा, ही धास्ती होतीच.

तरी ती बोललीच. "बाबा, ताईचे फोटो हायेत त्याच्यात. शाळेतले, लग्नातले."

"म्हनूनच पुस म्हनतो. नव्या कामाले जुनं दुखनं कायले पाह्यजे?" वामनरावांचा आवाज फाटला, डोळे भरून आले.

या माणसाला तिनं प्रीतीच्या सरणापाशीही रडताना पाहिलं नव्हतं. आता बापच रडतो म्हटल्यावर पोरीनं काय करावं?

"एक फोटो तरी पेनड्राईव्हवर घेऊ द्या. हारवाला."

"नको म्हनलं ना."

कॉलेज हवं होतं तिला. त्यापायी तिनं एवढंही गिळलं. नागेशनं बटण दाबलं. पडद्यावरची निळी पट्टी सरकू लागली, तशी सुनयना दुसरीकडं पाहत बसली.

"नाव काय टाकू?" नागेशनं विचारलं.

"नुसतं सुनयना टाक," वामनरावच बोलले. "आडनाव राहू दे." मग म्हणाले, "काऊन रे नागेश, घरी बसून बी शिकता येते म्हनतात याच्यावर. खरं का?"

"येते ना काका. नेट पाह्यजे फक्त."

"झालं मग."

सुनयनाला हसू आलं. सुट्टीत घरी आल्यावरही लेकीचा अभ्यास बुडू नये, एवढी काळजी! मेलं उगाच आपण या माणसाला दगड म्हणत होतो, असं तिला वाटलं.

घरी सुनयनाची आई रेणुकाबाई पुरण वाटत होत्या. प्रीतीचं वर्षश्राद्ध कालच उरकलं होतं. आज जावई मोतीराम भैंसा गावाहून लेकराला न्यायला येणार होते. सुनयनानं लेकराला उचलून छातीशी धरलं.

"आई, तिकडं याले कोन पाहीन वं?"

"पाह्यली त्याईनं कोनी. बोलनं बी झालं." आईनं मान वर केली नाही.

सुनयनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "काल वरीस झालं अन् आज दुसरी! लाज नाही वाटत?"

"हळू बोल. बॅग भरली का तुनं? दाजीच्या जीपनंच जाशील. अन् ते नवी साडी नेस, पाव्हने येऊन राह्यले."

भैंसाहून हैदराबादची बस मिळते. ठीकच झालं. तिनं बॅगेत चादर कोंबली, वरून चार्जर ठेवला.

दिवेलागणीला मोतीराम आले. सोबत चुलते, दोन बायका. वामनरावांनी नेटबुक पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ट्रॅक्टर असो का मिक्सर, या घरात नवं मशीन पूजेशिवाय चालू व्हायचं नाही. सुनयनानं मनापासून हात जोडले. ताई, तुझ्या वाटचं मी शिकते, असं ती मनात म्हणाली. त्याच ताटातलं कुंकू रेणुकाबाईंनी तिच्या कपाळाला लावलं आणि लेकरू तिच्या मांडीवर दिलं.

लेकराचं तोंड पुसता पुसता सुनयनानं विचारलं, "दाजी, मले भैंसाच्या बसस्टँडवर सोडसान ना? सोमवारी कॉलेजात हजर व्हाचं हाये."

मोतीरामनं सासऱ्याकडं पाहिलं. वामनरावांनी कुंकवाची बोटं धोतराला पुसली.

"त्याईले आता दाजी म्हनू नको," ते म्हणाले.