फळीमागचं उत्तर

हुसेनसागरच्या काठावरच्या शेडमध्ये बबलूची जुनी शिडाची बोट दुरुस्त होत होती. शिवराज बाहेरून फळी ठोकायचा. त्याची बायको त्रिवेणी बोटीच्या पोटात बसून उत्तर द्यायची: लाकूड शाबूत असलं तर दोन ठोके, कुजलेलं असलं तर एक. नवराबायकोचं बोलणं आता एवढंच उरलं होतं. बबलू शिवराजचा धाकटा भाऊ. त्रिवेणीनं टोचून टोचून त्याला घराबाहेर काढलं. तो पुन्हा दिसला नाही.

आज प्रत्येक फळीला दोनच ठोके येत होते, अगदी मायेनं.

तेवढ्यात त्रिवेणी फाटकातून चहा घेऊन आली.

"तू आत नव्हतीस?"

"आत्ता तर येतेय. का हो?"

शिवराजनं समोरची फळी ठोकली. आतून दोन ठोके आले.

त्रिवेणीनं हातोडी हिसकावली अन् तीच फळी ठोकली.

आतून एकच आला.